युफोर्बियाचा चीक

माह्यं माहेर इंझोरीचं. बाप लोकाच्या वावरात सालदार होता, मी लहान असतानाच साप चावून गेला, मंग मायनंच मले अन् माह्या भावाले वाढवलं. माय निंदाले जाये, कापूस येचाले जाये, आमी दोघं तिच्या मांगं मांगं धुऱ्यावर. चौथीपर्यंत शिकली मी, पाटी वाचता येते. लगन होऊन जऊळक्याले आली. घरधनी मिस्तरीच्या हाताखाली माल देते, मानूस वाईट नाही, पन दिवसाले चार शब्द बोलन का नाही सांगता येत नाही. दोन पोरी, दोघी आपापल्या घरी नांदून राह्यल्या. नाव माह्यं निर्मला.

मालेगावच्या रोडवर एक नर्सरी हाय, नाव नाही सांगत मी, तिथं लय वर्सं झाले मले. आधी पिशव्याईत माती भरो. मंग मालकानं आंध्रातून ट्रक भरून युफोर्बिया आनला. तुमी पाह्यला असन, मांडीएवढं झाड, अंगभर काटे, अन् शेंड्यावर फुलाचे गुच्छे, लाल, गुलाबी, पिवये, दुरून पाह्यलं तर कागदाचेच वाटतात. बंगल्यावाल्याईले लय आवडे, कुंडीतच राह्यते, पसरत नाही, पानी कमी पेते. फक्त थंडी सोसत नाही. मालक म्हने हे परदेशातलं हाय, याले हिवाया माहीत नाही. आपल्याकडं पुसात पहाटचं गार लागते ना, तवा पानं गयतात, शेंडे काये पडतात. म्हनून सांजच्याले समद्या कुंड्या शेडमधे घ्याच्या, वरून पोते टाकाचे, सकायी ऊन चढलं का पुन्हा बाहेर. ते काम माह्यंच. कलमंबी माह्यीच. फांदी कापली का दुधासारखा चीक निंघते, ती पान्यात बुडवाची म्हंजे चीक थांबते, मंग पाच-सहा दिवस सावलीत सुकू द्याची, अन् मंग रेतीत खोचाची. ओली खोचली का सडलीच. हे मले कोनी शिकवलं नाही, झाडं मारून मारून शिकली मी. माह्या हातची फांदी सहसा मरे नाही. गिऱ्हाइकाले मालक सांगे, हे समदं मीच करतो म्हने. सांगो बापा, आपल्याले काय.

एका वर्सी थंडी लय पडली. शेडमधल्याबी झाडाचे शेंडे काये झाले. अन् नेमकं तवाच एका कॉलेजच्या कार्यक्रमाले कुंड्या द्याच्या होत्या. मालक म्हने काये शेंडे समदे छाटा, झाडं धुवून पुसून उभी करा, चार दिवसात टेम्पो लागते. कैची बोथट झाली होती, म्या दोनदा सांगतलं होतं त्यायले. कैची दाबली तर कापे नाही, दाबली, पुन्हा दाबली, तर फांदीच मोडली, अन् चीक उडाला तो सिदा उजव्या डोयात. काय सांगू तुमाले, मिरची नाही, विस्तू, विस्तू ठेवला कोनी बुबुयावर. खालीच बसली मी. हौदाचं पानी मारलं, मारतच राह्यली. मालकाले म्हनलं दवाखान्यात जाऊन येते. त्यायनं डोया पाह्यलाबी नाही. म्हने चीकच हाय ना, जाते उतरून, अन् जायचं असन तर जा, पन मंग येऊ नको.

नाही गेली मी. चार दिवस डोयावर पदर बांधून एका डोयानं छाटलं. मालकिनीले आमी वहिनी म्हनतो, तिनं फ्रीजमधून ड्रॉपची शीशी आनून देली, तिच्या सासऱ्याच्या मोतीबिंदूच्या वेयची होती ती, तीच टाकली. डोया सुजून बंद झाला, पू याले लागला. पाचव्या दिवशी टेम्पो गेला तवा मी वाशिमच्या सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरीनबाईनं टॉर्च मारला अन् म्हने बाई पहिल्याच दिवशी काहून नाही आल्या, आता जखम पिकली, बुबुयावर पांढरं फूल पडलं. औषधं देले तिनं, आग थांबली, नजर काही आली नाही. माय पाहाले आली होती तवा तिले चिकाचं सांगतलं म्या.

महिन्याभरानं पुन्हा तिथंच गेली. एका डोयाच्या बाईले निंदनाले कोन सांगते, गवत अन् पिकाचं रोप एकच दिसते म्हनतात. मालकानं ठेवून घेतलं, त्याले कलमाचे हात पाह्यजे होते. पहिल्याच दिवशी एक गिऱ्हाईक बाई आली, तिनं इचारलं, डोयाले काय झालं हो तुमच्या? मी तोंड उघडाच्या आधी मालक म्हने, लहानपनी गोवर निंघाला होता तिले, मायनं ध्यान देलं नाही, खेड्यातले लोक, तुमाले त माहीतच हाय. बाई च्यक् च्यक् करून दोन कुंड्या घेऊन गेली. ती गेल्यावर मले म्हने, निर्मला, कोनी इचारलं तर हेच सांगाचं. झाडाचं नाव खराब झालं तर आधी तुह्यं काम जाते.

मंग सांगत गेली मी. गोवरानं गेला, गोवरानं गेला. पुढं पुढं तर जीभ अडखयेबी नाही. मायचं नाव त्यात खराब होते हे समजत होतं मले, नाही कायले म्हनू. पन माय तिकडं इंझोरीत, तिले कोन सांगाले जाते.

गोवर मले खरंच निंघाला होता बरं. तवा माय कामाले गेली नाही. डोयाले ऊन लागू नये म्हनून तिनं दाराले लुगडं बांधलं, कोमट पान्यात कापूस बुडवून माह्ये चिपडं पुसे, घरात दाना नव्हता तर शेजारून भाकर मागून आनली पन मांडीवरून मले खाली ठेवलं नाही. असं तिनं डोये वाचवलेली पोर मी.

अन् एक दिवस माय आली, सांगतल्याबिगर, बसनं. म्हातारी झाली होती, कवा कवा भावाचं नावबी विसरे. थैलीत तुरीच्या शेंगा घेऊन सिदी नर्सरीतच आली. तिथं मालक एका मास्तरीनबाईशी बोलून राह्यला होता. ती इचारे, याचा चीक लागला तर काही होते का, घरी लहान लेकरू हाय. मालक म्हने काही नाही होत, इचारा हिले, किती वर्सं झाले हिचा हात यातच हाय. बाईनं माह्या डोयाकडं पाह्यलं. मी म्हनलं, तो लहानपनचा हाय, गोवरातला, मायनं ध्यान देलं नाही.

मांगं माय उभी होती.

ती म्हने, काहून खोटं बोलून राह्यली वं निर्मले? म्या तुह्या डोयाले धक्का नव्हता लागू देला. हा तं या झाडाच्या चिकानं गेला.

मास्तरीनबाईनं कुंडीवरचा हात काढला. मालक माह्याकडं पाहून राह्यला, नुसता पाहून राह्यला. अन् मी म्हनलं, माय, तुले आता आठवत नाही. तू म्हातारी झाली. गोवरातच गेला तो.

मास्तरीनबाईनं मायच्या खांद्यावर हात ठेवला, म्हने जाऊ द्या आजी, तवा कुठं होते डॉक्टर, तुमी तरी काय करसान. अन् कुंडी घेऊन गेली. मायनं थैली तिथंच ठेवली अन् रोडवर जाऊन बसची वाट पाहात बसली. मी तिच्या मांगं गेली नाही. काम होतं.

दोन-तीन महिन्यांनी भावाचा फोन आला, माय जेवत नाही, एकटीच पुटपुटते. गेली मी. तिनं माह्या डोयावरून हात फिरवला अन् म्हने, माह्यं ध्यान नव्हतं का वं? तुले टाकून गेली होती का म्या कामाले? म्या तिचे पाय धरले, समदं सांगतलं, कैची, चीक, मालकाचं भेव, समदं. म्हनलं मी खोटं बोलली माय. तर म्हने, मले बरं वाटावं म्हनून बोलून राह्यली तू. काही केल्या ऐके नाही. भाऊ म्हने दिवसातून धा डाव तेच, माह्या लेकीचा डोया म्या घालवला. बाया बसाले येत, त्याईलेबी तेच सांगे. उन्हायात माय गेली. शेवटी शेवटी मी चमच्यानं पानी पाजून राह्यली होती तर म्हने, निर्मले, माफ कर मले. किती डाव नाही म्हनू? म्हनलं, केलं माय. जे तिनं केलंच नाही ते माफ केलं म्या तिले, मंग झोपली ती.

तेरवी करून कामावर गेली अन् पहिल्याच गिऱ्हाइकाले सांगतलं, माहा डोया याच झाडानं गेला म्हनून. मालकाले रागबी नाही आला. तो हासला, त्या मानसाले हयूच म्हने, माय मेल्यापासून हिचं डोकं ठिकानावर नाही. त्या मानसानं मले वीस रुपये देऊ केले अन् दोन कुंड्या नेल्या.

जाते मी अजूनबी. तुमी झाड लावसान तर लावा, चांगलं हाय, पन चीक डोयात गेला तर तवाच्या तवा धुवा अन् दवाखान्यात जा, कोनाचं ऐकू नका. तुमचे लेकरंबाळं सुखात राहोत. इंझोरीले मी आता कमीच जाते. गेली का बाया जवय बसवतात, चहा करतात, अन् म्हनतात, तुह्या मायनं मरता मरता कबूल केलं बरं, मन मोठं होतं तिचं. आधी भांडत होती मी. आता हो म्हनते, चहा पेते अन् पाचच्या बसनं परत येते.