कान असलेला कप

ये गं, आत ये. तितं उंबऱ्यात काय उभी राहिलीस परक्यासारखी? बस हितं, माझ्याजवळ. एवढ्या दिसांनी तोंड दावतीस आन वर म्हणतीस चहा नको! ह्या घरात चहाला न्हाई म्हणायचं न्हाई. त्या कपाटातल्या कुठल्याबी कपावर बोट ठेव, त्यातच देते.

कपांचं लिहून घेणार म्हणतीस, तर आधी आईचं लिहावं लागंल. माझं म्हायेर मुठा खोऱ्यातलं, आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. आई एका मोठ्या घरी भात लावायला, काढायला जायची. दुपारचा चहा तिला मिळायचा तो कान तुटलेल्या कपात. तो कप वळचणीला खोचलेला, तिनंच काढायचा, लांब धरायचा, वरनं चहा वतायचे, पिऊन झाला का तिनंच इसळायचा आन पालथा करून परत वळचणीला. मी पोर, पदर धरून उभी. मला वाटायचं, आईसाठी निराळा कप राखून ठेवलाय, केवढा मान हाय माझ्या आईला! काय सांगू तुला, पुढं कळाया लागलं तवा लई रडले.

लगीन होऊन मुळशीतल्या रिहे गावाला आले. तितं भाताच्या खाचरांत शहरातल्या लोकांचे बंगले झाले, त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंकडं मी कामाला लागले. पहिल्याच दिशी बाईंनी दोन कप मांडले, दोन्ही सारखे, गुलाबी फुलांचे, कडंला सोन्याची रेघ, आन म्हणाल्या बस, चहा घे. मी फरशीवर टेकाया लागले तर म्हणाल्या, अगं मग खुर्ची कशाला ठेवलीय? जल्मात पहिल्यांदा कपाचा कान धरून चहा प्याले. आन मग मी काय केलं, लख्ख निघावा म्हणून राख आन काथ्या घेऊन तो कप चांगला घासला, तर सोन्याची रेघच गेली की गं! मी रडकुंडीला. बाई हसल्या, म्हणाल्या हा आता माझा, तू रेघवाला घेत जा. लेकीकडं परदेशात कायमच्या गेल्या तवा दोन्ही कप माझ्या वटीत घालून गेल्या.

तितनं मला नाद लागला. पुण्यात जुन्या बाजारात जायचं, मोडलेल्या सेटातला एकांडा कप असला तर तेवढा आणायचा. बुडाला इंग्रजी शिक्का असतो, तो मला वाचता येत न्हाई. मी आपली उजेडाला धरून बघते, पल्याडची बोटं दिसली का खरा. फुलं विलायती, नावं कुणाला ठावं? हा माझा तेरडा, ही कारवी, ही सोनकी. आमचे मालक म्हणायचे, आगं मुळशीत लोक जागा घेत्यात, तू कप घेतीस!

पण खरं सांगू, मला एकच पायजे व्हतं. आईनं एकदा कपाचा कान धरून, निवांत बसून चहा प्यावा. म्हातारपणी ती माझ्याकडं ऱ्हायला आली तर म्हणायची, मला आपला पेला दे, ते फुटंल. लई गळ घातली तर प्यायची, पण मी वळंस्तवर कप इसळून, पालथा करून, भाईर वळचणीखाली ठेवलेला. मी तो उचलून गुमान आत आणायची. जीव मातर तुटायचा. ती जायच्या आधी ही सवय जाती का न्हाई, हाच घोर.

मग एका दुपारी मी कप उजेडाला धरलेला बघून तिनं इचारलं, एवढं पातळ कशाचं गं? मी बाईंनी सांगितलेलं सांगितलं, गुराढोरांची हाडं जाळून त्याची पूड घालत्यात ह्या मातीत. मला वाटलं संपलं, आता ही शिवायची न्हाई. तर म्हणाली, माझा बाप गावची मेलेली ढोरं वढायचा, वड्याच्या पल्याड हाडांचा ढीग पडायचा, व्यापारी गाडी भरून न्यायचा. कुटं नेत व्हता, कुणी इचारलं न्हाई. आन एकदम हसाया लागली, ठसका लागंस्तवर हसली. म्हणाली, आगं मंग ही तर आमचीच वढलेली हाडं! ज्यांनी आमाला शिवून घेतलं न्हाई ते ह्यालाच ओठ लावत बसलेत व्हय? वत चहा.

कान धरून प्याली बघ, फुर्र फुर्र आवाज करत. मग रिकामा कप बशीत उताणा ठेवला, चटईच्या मधोमध, आन म्हणाली, धू आता तू.

आता रोज निराळा कप मागती. काल म्हणाली, तेरडा नको, कारवी काढ. आत झोपलीय, उठली का भेट. आन पुढच्या खेपेला एवढा उशीर लावू नको गं, तिचं वय झालंय. लवकर ये. दारातनं हाका मारत बसू नको, सरळ आत ये.