धुतलेला चौक

“हॅलो?… हॅलो, कोण?… अगं मोठ्यानं बोल, मशीन चालू आहे इथं.”

शिंपीणबाईनं पायडलवरचा पाय उचलला. मशीन दोन टाके आपल्याच नादात पुढं धावलं आणि थांबलं.

“हां, बोल आता… अगं बाई, अध्यक्ष का! आत्ताच सूनबाईला म्हणत होते, टेकडीवरच्या वस्तीत आज पहिल्यांदा नळ सुटला असेल, टाळ्या पडल्या असतील… काय?… रडतेस?… अगं, रडतेस काय!”

पलीकडं होती शेजारच्या गावची नवी नगराध्यक्ष. कालपरवापर्यंत औषधांच्या दुकानात गोळ्या मोजून देणारी, आता गावाच्या पालिकेचा गाडा ओढणारी. शिंपीणबाईनंही आपल्या गावात तो गाडा दोनदा ओढला होता. तिसऱ्यांदा गावानं तिला पाडलं, तशी ती निमूटपणे मशीनवर येऊन बसली. पण आसपासच्या लहान गावांच्या पालिकांनी मिळून एक मंडळ काढलं होतं, नव्यानं निवडून आलेल्यांना हाताला धरून चालवणारं. त्या मंडळात तिचा शब्द अजून चालायचा. कुणाचा पंप बसला, कुणाचा सभासद रुसला, की फोन इथं वाजायचा.

“कुठं आहेस तू?… फायलींच्या खोलीत? आणि कडी लावून?… अगं, अध्यक्ष आहेस का लपाछपी खेळतेस?… बरं बरं, नाही करत थट्टा. आधी घोटभर पाणी पी… नाही? पाणीच नाही?… हो गं हो, कळलं. सांग सावकाश.”

“हं… हं… खुर्च्या मांडल्या… सगळी टेकडी जमली… बादल्या, कळश्या, पिंपं… म्हाताऱ्यासुद्धा आल्या? काठ्या टेकत? अरे वा… मग?… तू तोटी फिरवलीस… आणि?… फुस्स?… नुसतीच फुस्स?”

टेकडीला टाकी, टाकीला नळ, नळाला तोटी, आणि तोटीला हवा. शिंपीणबाईनं ओठ दाताखाली दाबून धरले.

“नाही गं, हसले नाही. खोकला आला… बरं, हसले थोडी. अगं ऐक ना… ऐक. टाकी काठोकाठ भरली होती ना? तूच सांगितलंस काल, ‘मावशी, भरली!’ म्हणून. मग पाणी गेलं कुठं?… काय धुतलं?… चौक?… अख्खा चौक?… आणि पायऱ्या… आणि बाकडी… आणि झाडांची पानंसुद्धा? अगं, पानं कशाला?”

तर झालं होतं ते असं. पाणी येणार म्हणून गाव सजवायचं ठरलं. सकाळपासून पाइप लावून टेकडीवरचा, पालिकेसमोरचा चौक धुतला, तो आरशासारखा लख्ख झाला, आणि त्या लख्ख चौकातूनच टाकीतलं पाणी खळाळत उताराला लागलं. पाहुणी येणार म्हणून घर झाडावं, आणि झाडता झाडता दारात आलेल्या पाहुणीलाच केराबरोबर बाहेर लोटावं, तसं.

“कुणी सांगितलं धुवायला?… ऐकू नाही आलं. तोंडातल्या तोंडात नको बोलू… कुणी?”

“हं. तूच.”

सूनबाई काजं करत होती. तिची सुई जागच्या जागी थांबली.

“दार कोण वाजवतंय गं?… उपाध्यक्ष? काय हवंय त्याला?… कागद?… कसला कागद?… चावीवाल्याला? कामावरून काढायचं? का?… ‘न विचारता टाकी सोडली’?… असं लिहिलंय?”

चावीवाला म्हणजे गल्लोगल्ली फिरून पाणी सोडणारा आणि बंद करणारा माणूस. खांद्यावर हातभर लांब लोखंडी चावी. तो पुढं आणि कुणाच्या तरी घरात पाण्याचा आवाज त्याच्या मागं. सकाळी अध्यक्षबाईनंच त्याला म्हटलं होतं, काका, सोडा पाणी, चौक चकाचक झाला पाहिजे. त्यानं सोडलं. आता उपाध्यक्षानं झटपट औषध काढलं होतं: एक सही. तेवढी केली की लोकांचा राग पालिकेच्या दारातून उठून त्याच्या दारात जाऊन बसणार.

“तो काय म्हणतोय?… काहीच नाही?… बाहेर पायरीवर बसलाय… चावी मांडीवर घेऊन… हं… आणि लोक त्यालाच बोलतायत.”

तिनं मांडीवरची गणवेशाची बाही बाजूला ठेवली.

“नाही. सही कर असंही मी सांगणार नाही, करू नको असंही नाही. अध्यक्ष तू आहेस… मग? मग एवढंच विचारते, मला फोन कशाला केलास? सही करायला मावशी कशाला लागते? उपाध्यक्ष आहे की, पेन उघडून उभाच असेल… आहे ना उभा? बघ. म्हणजे तुझा हातच उचलत नाहीये… अगं ऐक… ऐक ना…”

“हसतील? हसले की मघाशीच! अजून किती हसतील?… पुन्हा निवडून देणार नाहीत? नसतील देत. मी नाही का पडले? पडल्यावर माणूस मरत नाही बाई, मशीनवर बसतं… मला दुसरीच भीती वाटते. उद्या तू म्हणालीस, ‘जरा ती मोटार चालू करा’, तर माणूस म्हणेल, लेखी द्या. परवा झाडूवाली म्हणेल, लेखी द्या. का नाही म्हणणार? आपलं एवढंसं गाव, तोंडच्या शब्दावर चालतं गं. तो शब्द गेला तर खुर्चीत बसून तू करणार काय? खुर्चीच पुसत बसशील.”

शिंपीणबाईनं घाई केली नाही. अडकलेला दोरा ओढून सुटत नाही, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं.

“हं… बोल… रिकाम्या हातानं कशी जाऊ?… हे मात्र खरं बोललीस. टाकी पुन्हा भरायला सकाळ होणार, आणि तोवर रिकाम्या बादल्या. खरंय.”

तिची नजर खिडकीबाहेर गेली. रस्त्यापलीकडं हार्डवेअरचं दुकान. ज्यानं तिला पाडलं, तो गावचा आत्ताचा अध्यक्ष तिथंच गल्ल्यावर बसायचा. निवडणूक झाल्यापासून दोघांत शब्द नव्हता. सकाळी तो त्याचं शटर वर करायचा, ती तिचं. दोन्ही शटरं खडखडायची, तेवढंच बोलणं. आणि त्याच्या दुकानाशेजारी, झाडाच्या सावलीत, पालिकेचा पाण्याचा टँकर उभा होता.

“फोन ठेवू नकोस हं. मी जरा रस्ता ओलांडते… कुठं म्हणजे? तू विचारू नकोस. धरून ठेव.”

सूनबाईनं भुवया उंचावल्या. सासू केस सावरत, हातात मोबाइल, गळ्यात टेप तशीच लोंबत, रस्त्यात उतरली.

“काय हो अध्यक्ष!… हो, मीच… नाही, वाट नाही चुकले… बसायला नाही आले. तो टँकर भरलेला आहे?… मला हवाय. मला म्हणजे शेजारच्या गावाला, त्यांच्या टेकडीवर. आत्ता… ठराव कशाला हवा? ठराव आहे! मंडळाचा आहे. एक गाव अडलं तर शेजारच्यानं पाणी द्यायचं. मी मांडला होता, आणि तुम्ही विरोध केला होतात… आठवला ना? छान.”

“काय?… नाही, तावातावानं नाही बोलत… तिचंच चुकलं, हो. लपवत नाही मी. पाण्यानं चौक धुतला तिनं… हसा. हसून घ्या. पण तिकडं म्हाताऱ्या उन्हात बादल्या घेऊन बसल्यात हो… मागते की. मागायला काय जातंय?… द्या. अध्यक्ष, टँकर द्या.”

अध्यक्ष हा शब्द तिनं आजवर त्याच्या पाठीमागं नेहमी टोमण्यासारखा वापरला होता. आज तो साधा बाहेर पडला, आणि त्याचं तिलाच नवल वाटलं. त्यालाही वाटलं असावं. त्यानं खिळ्यावरून टँकरची किल्ली उतरवली.

“हॅलो, आहेस ना?… टँकर निघतोय इथून… अगं, रडतेस काय पुन्हा! ऐक आता. नीट ऐक. टँकरचं नंतर सांगायचं. आधी चौकाचं… का म्हणजे? आधी पाणी सांगितलंस तर लोक पाण्याकडं धावतील, तुझं कोण ऐकणार? आणि तो माणूस तसाच पायरीवर बसून राहील… हां. भाषण नको. घरी कसं सांगतेस, दूध उतू गेलं, माझं लक्ष नव्हतं. तसं… उपाध्यक्षाला? त्याला म्हणावं, हा कागद मागून कोरा आहे, टँकर कुठल्या गल्लीत आधी जायचा ते त्यावर लिहून घे.”

“काढ कडी… काढलीस?… फोन बंद नको करू. असू दे हातात. मी आहे.”

आणि मग शिंपीणबाई ऐकत राहिली. दुसरा कान बोटानं झाकून, भर रस्त्यात उभी. समोर गावचा अध्यक्ष किल्ली हातात घेऊन, मानेनंच विचारत, काय झालं?

“शू… चालतेय… गलका आहे मोठा… थांबा हो… बोलली. ‘चौक धुवायला मी सांगितलं’… ‘काकांनी माझं ऐकलं. चुकले ते मी’… ‘मी’च म्हणाली ती, स्पष्ट…”

“कुणी बोलत नाहीये.”

“अजून नाही.”

झाडावरून एक पान टँकरच्या टपावर पडलं, तेही जपून पडल्यासारखं.

“एक म्हातारी काहीतरी ओरडली… काय म्हणतेय?… विचारतेय, ‘मग आता बादली घरी नेऊ का इथंच ठेवू?’… ‘इथंच ठेवा आजी, पाणी येतंय’ म्हणाली… हसतायत… नाही हो, तसं नाही. मघाचं हसू नाही हे… चिडलेत पण काही. एक जण अजून बोलतोच आहे, बोलू दे… ती ऐकतेय त्याचं… आणि चावीवाला… थांबा, थांबा… चावीवाला उठला! रांग मी लावतो म्हणतोय… पोरी? ए पोरी, ऐकतेस का?… हॅलो?… हॅलो?”

फोन तुटला होता.

शिंपीणबाईनं डोळ्यांच्या कडा पदरानं टिपल्या, आणि वळून बघते तो अध्यक्ष अजून तिथंच.

“उभे काय राहिलात? ड्रायव्हर कुठंय?… चहाला गेला? मग तुम्हीच चालवा… मी? मी बसते की शेजारी. ती टेकडीची वाट तुम्हाला काय माहीत!”

टँकर गुरगुरत रस्त्याला लागला. गावचा अध्यक्ष आणि त्यानं पाडलेली अध्यक्ष, दोघं एका सीटवर, पाठीशी टाकीभर पाणी डुचमळत होतं.

“हळू हो, हळू. थेंबभर जरी सांडलं ना, तर बघा.”