कागदावरचं पाऊल

नाय मामा, खाली हात नका लावू, ते पातं हाय, बोट कापंल — सकाळी माझं कापलं, हे बघा. बूटच हायत, पण बर्फावर खेळायचे. तळाला चाक नाय, खिळा नाय, नुसतं उभं पातं. त्यावर उभं राहायचं आणि हातात काठी घेऊन हॉकी खेळायची — आपल्या मैदानातली नव्हं, बर्फातली. नाशकात बर्फ कुठला, तुमचं खरंय, रसवंतीवाल्याच्या पोत्यात असतो तेवढाच. घेतले मात्र इथूनच, देवळाली कॅम्पातून, मीच घेतले. तिथून गेले लेहला. आणि नऊ दिवसांपूर्वी परत आले. तुम्ही फक्त एवढं करायचं — आत ज्या पट्ट्या कोंबल्यात त्या सगळ्या काढायच्या, आणि बूट या कागदाच्या मापाचे करून द्यायचे. नीट धरा, घडीवर फाटत आलाय. हे पाऊल माझ्या दादाचं हाय. उद्या त्याचं तेरावं.

बसा, बसा, उठू नका. तुम्ही उठलात की मला पण उठावं लागंल, आणि मी सकाळपासून हिंडतोय. सायखेड्याहून पहिल्या गाडीनं आलो. आईनं यादी दिली — गुरुजींनी सांगितलेली — छत्री, घोंगडी, तांब्या, चप्पल. सगळं त्याच्या नावानं द्यायचं, पुढच्या वाटंनं त्याला ऊन लागू नये, अनवाणी जावं लागू नये म्हणून. छत्री घेतली, घोंगडी घेतली. मग त्या तिथं, रामकुंडाच्या वाटंवर तो चपलावाला हाय ना — बघू नका, तो अजून इकडंच बघतोय — त्याला म्हणलं, चप्पल दाखवा. त्यानं न बघताच एक जोड पुढं टाकला. म्हणलं, नंबर? तर म्हणतो, द्यायचीच हाय ना, कुठलाही चालतो, घालणारा थोडाच घालून बघणार हाय. मी तोच जोड उचलून त्याच्या अंगावर टाकला. चूक झाली. म्हातारा माणूस हाय. पण मामा, माझा दादा जन्मभर दुसऱ्याच्या मापाचं घालून फिरला. आता तरी?

किशोर त्याचं नाव. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमच्या घरात चप्पल घ्यायची म्हणजे आई अंगठ्यापुढं दोन बोटं धरायची — एवढी जागा राहिली पाहिजे, वाढता पाय हाय. दादा ती चप्पल फटक-फटक वाजवत शाळेत जायचा. त्याच्या पायाला ती बरोबर यायला लागली की तोपर्यंत टाचेला भोक पडायचं, आणि मग ती माझ्याकडं यायची. म्हणजे त्याला कायम मोठी आणि मला कायम त्याची. आम्ही हसायचो त्याच्यावर. तो म्हणायचा, भारत, आपल्या दोघांचे पाय चपलेच्या आत कधी भेटलेच नायत.

मग तो मिलिटरीत गेला. मी सातवीतनं सुटलो, आता पिंपळगावला द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजला हाय, पेट्या रचतो. दोघंही थंडीत, असं तो फोनवर म्हणायचा. लेहला हिवाळ्यात तलाव गोठतो आणि त्यावर ही हॉकी चालते, गावातली पोरं, फौजी, सगळे खेळतात. याला काय नाद लागला मामा. सायखेड्याचा माणूस, गोदावरीत पोहणारा, तो पाण्यावर उभा राहून पळतोय — आईला पटायचंच नाय. ती विचारायची, फुटलं तर? तो म्हणायचा, आई, त्याच्यावरनं ट्रक जातो.

पण बूट सगळ्यांत मिळून. आज याच्या पायात, उद्या त्याच्या. म्हणून त्यानं मला पत्र पाठवलं, हाच कागद — पुढं पाऊल, मागं मजकूर. मला पाठच हाय. ‘प्रिय भारत, एक जोड जुना का होईना, पण माझ्या मापाचा शोध. उभं राहिलं की अंगठा पुढं नुसता टेकला पाहिजे, आणि गुडघा वाकवला की तो मागं आला पाहिजे. टाच जागची हलता कामा नये, हलली की घोटा लुळा पडतो. आत एकच पातळ मोजा. दोन बोटं जागा ठेवू नकोस आणि हे आईला विचारू नकोस. आपल्या चपलेपेक्षा एक नंबर कमीच घे.’ हे असं. शेवटी लिहिलंय, ‘एकदा तरी माझ्या मापाचं घालू दे.’

मी अख्खं नाशिक पालथं घातलं. मेन रोडला गेलो, कॉलेज रोडला गेलो. एकानं चाकांचे दाखवले, एकानं फुटबॉलचे. एकजण म्हणाला, बर्फावर खेळायचं तर बर्फाच्या कारखान्यात विचार. शेवटी कॅम्पात एक जुन्या सामानवाला सापडला, परदेशी माल पोत्यानं घेणारा. त्याच्याकडं दोन जोड होते, एक आठचा, एक नऊचा. नंबरसुद्धा बाहेरचेच, त्यांचे आपले जुळतात की नाय कुणाला ठाऊक. दादाची चप्पल आठ. पत्रात म्हणतोय, कमी घे, म्हणजे सात. सात नव्हताच. मग मी काय केलं — कागदावरनं पुठ्ठा कापला, पावलाचा, आणि आठच्या बुटात सारला. जाईना. कडा दुमडायला लागल्या. नऊच्यात सारला तर अलगद गेला, बोटाच्या टोकापर्यंत. आता तुम्ही सांगा, माणूस लिहितोय एक आणि त्याचं पाऊल सांगतंय दुसरं, कुणाचं ऐकायचं? मी पावलाचं ऐकलं. पत्र लिहून विचारायला पाहिजे होतं. पण मला दम कुठं, मामा. मला वाटलं, दुसराच कुणी उचलून नेईल. नाशकात कोण नेणार होतं, हे आत्ता कळतंय. त्याच दिवशी पार्सल केलं.

मग त्याचा फोन आला. मी विचारलं, कसे बसले? म्हणाला, झकास. उभं राहिलं की अंगठा टेकतो, गुडघा वाकवला की मागं येतो. टाच अजिबात हलत नाय. त्याचं पत्रच परत ऐकतोय असं वाटलं मला. पत्रातलं वाक्य न् वाक्य. मी त्या दिवशी कोल्ड स्टोरेजमधल्या सगळ्यांना सांगितलं, अंबूबाई चहावालीला सांगितलं, आमच्या दादाला परदेशी बूट मीच बसवून दिले म्हणून.

काढा, काढा पट्ट्या, ऐकत काय बसलाय. शिवलेल्या हायत, दोरा कापावा लागंल. जुनं कांबळं फाडून केलेल्या हायत त्या. दादानंच शिवल्यात. दादाची बॅग उघडली तेव्हा दिसल्या मला — एवढ्या, टाचेला तीन थर, घोट्याभोवती वेगळ्या, पुढं अंगठ्याजवळ गोळा. नऊ नंबर केवढा सैल होता बघा. आणि मला म्हणतो झकास.

गाडी घसरली, असं झालं. वळणावर बर्फ होता, गाडी खाली ओढ्यात गेली. बुटाचा काय संबंध नाय. गाडीत चौघं होते, तिघं वाचले. तसंच सांगितलं सगळ्यांनी, आमच्या वडिलांनी, अण्णांनी पण तेच सांगितलं मला दोनदा — भारत, गाडी घसरली, बुटाचा काय संबंध नाय. मी न विचारताच सांगितलं.

कारण तो सांगलीकडचा जवान, दादासोबत आला ना, म्हणजे दादाला घेऊन आला — तो ओट्यावर बसून अण्णांना सांगत होता आणि मी आत होतो. म्हणाला, किशोरची टाच सोलली होती. महिनाभर घासून घासून चिघळली. बूट बदल म्हणलं तर ऐकायचा नाय, म्हणायचा, भावानं धाडलेत. त्या दिवशी तो पट्टी बदलायला चालला होता दवाखान्यात. गाडी तिकडंच निघाली होती. बाकीचे सगळे तलावावर होते, मामा. तोही तलावावरच असता. टाच धड असती तर तो तलावावर असता.

काढला डाव्यातला सगळा? ठेवा तिथं. नाय, मी रडत नाय, त्या सोल्युशनचा वास लागतोय डोळ्याला.

आता हा कागद घ्या आणि बूट बारीक करा. आतनं चामडं लावा, काय करायचं ते करा, पण या रेघेला बरोबर बसले पाहिजेत. उद्या मी हेच देणार हाय, चपलेच्या जागी. गुरुजी म्हणाले, पात्याची वस्तू कुणी दानात घेत नाय. घेईल कुणीतरी. पाया पडेन. त्याला एकदा तरी त्याच्या मापाचं मिळालं पाहिजे, जाताना तरी. आई म्हणते, तुला वेड लागलंय. मी तिला म्हणलं, दोन बोटं कुणी धरली होती? असं म्हणायला नको होतं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलली नाय, नुसती यादी दिली हातात.

काय? माझा? माझा पाय कशाला? माप दादाचं हाय, माझं नाय. बरं, ठेवतो, तुमचा मान म्हणून ठेवतो. पुठ्ठ्यावर? हां. काढा. गुदगुल्या होतात… झालं? आता परत कशाला? मघाशी पेन्सिल तिरपी होती, आता उभी धरताय, कळलं. मग?

या दोन्ही रेघा माझ्याच पायाच्या?

एवढा फरक पडतो? आतली खरी, असं म्हणताय. आणि बाहेरची नुसती पेन्सिल तिरपी झाली म्हणून. थांबा, बोट ठेवून बघतो — अख्खं करंगळीचं नख मावतंय मधी. म्हणजे दादानं — पण तो तर हुशार होता, दहावी पास. त्यानं स्वतःच वाकून काढलं असणार, नाय का, स्वतःचा पाय स्वतः काढायचा म्हणजे हात तिरपाच पडणार. काय म्हणता? मोजा? मोज्यावरनं काढलं असंल?

हो. लिहिलंय. मागं, अगदी खाली, कडेला. ‘पाय उघडा केला की दगड होतो, म्हणून लोकरीच्या मोज्यावरूनच काढलाय, तेवढं समजून घे.’ पाठ हाय मला. मी ते समजूनच नाय घेतलं. मला वाटलं, थंडीचं लिहितोय. म्हणून पाऊल मोठं आलं, आणि एक नंबर कमी घे हेच खरं होतं.

नका मामा. तुझी चूक नाय असं नका म्हणू, ते अण्णांनी पण म्हणून झालंय. मला ते नकोच. मला वेगळंच वाटतंय काहीतरी — मी बारा दिवस हा कागद उशाला घेऊन झोपतोय. वाटायचं, बाकी सगळं गेलं तरी पाऊल हाय. बोट फिरवायचो कडेनं. आणि हे त्याचं पाऊलच नाय. मोजा हाय, आणि तिरपी पेन्सिल. मग खरं माप कुणाकडं हाय आता? आईकडं दोन बोटं, माझ्याकडं हे. त्याची चप्पल म्हणाल तर तीही आईनंच घेतलेली. मिलिटरीचे बूट मिलिटरीनं ठेवले. एका घरात वाढलो आम्ही आणि माझ्या भावाचा पाय केवढा होता, हे सांगणारं कुणी नाय. तुम्हाला मी काय मापाचं करायला सांगू?

तो सांगलीवाला म्हणत होता, गाडी घसरली त्याच्या आदल्या दिवशी दुपारी उन्हाला बसून शेवटची पट्टी शिवली दादानं. मग बूट घातले, दोऱ्या आवळल्या, उभा राहिला, गुडघे वाकवले. आणि म्हणाला, आता बसले. मला तेव्हा राग आला होता ऐकून. एवढं सगळं करून म्हणे आता बसले —

मामा, थांबा.

उजव्यात हात नका घालू. दोरा कापलाय का? नाय ना? कात्री बाजूला ठेवा. मीच म्हणलं होतं सगळ्या काढा, मला ठाऊक हाय मीच म्हणलं होतं, तुमचं काय चुकलं नाय. द्या इकडं. हळू. डाव्यातल्या पट्ट्या — कुठली खालची, कुठली वरची, आता नाय सांगता येणार ना? नाय. असू द्या. त्या कागदात गुंडाळा.

माझा हात जातोय आत. इथं टाच हाय. खोल गेलंय, वाटीसारखं. हा घोटा. इथं पुढं… अंगठा टेकतोय बघा, नुसता टेकतोय. जास्त नाय.

चप्पल मी त्याच म्हाताऱ्याकडनं घेईन. जो जोड देईल तो घेईन, आधी माफी मागीन. हे नाय द्यायचे कुणाला.

तुमच्याकडं ते गिऱ्हाईक कधीचं उभं हाय, छत्रीवालं. त्याचं बघा तुम्ही. मी बसतो इथं जरा. हात आत हाय माझा.