बॉल मारला कोणी?

...नाही, ते सगळं मान्य! कप गेला, हसं झालं, पेपरवाल्यांनी धू धू धुतलं, सगळं मान्य, पण मला एवढंच सांगा, बॉल मारला कोणी? अहो, आमच्या गोल्फ संघात एकीपेक्षा एक सरस! एकेकीला एकटी सोडा, जगात कुठेही जाऊन करंडक काखोटीला मारून येईल, आणि देशाच्या संघात एकत्र उतरवा... गारद! समोरच्या संघातली एकही, तुम्हाला सांगते, आमच्या राखीव खेळाडूच्या पासंगाला पुरणार नाही. पण त्या सगळ्या एका बाटलीतून पाणी पितात, आणि आमच्याकडे बाटल्यांवर नावं!

हे असं का होतं ते शोधायला मला नेमलं. मी मानसशास्त्र शिकलेली, पदवी अजून गरम, शिवाय संघातल्या एकीची सख्खी धाकटी बहीण. पहिल्याच बैठकीत कान टवकारून बसले आणि चाटच पडले. ह्यांच्या बोलण्यात 'आपण' हा शब्दच नाही! कप्तान सर म्हणतात, "तुम्हाला जिंकायचंय." ताई म्हणते, "मी माझं बघते." आणि जिला सगळे महाराणी म्हणतात ती नखं न्याहाळत, "मी जिंकतेच हो सर... ह्या हरतात." मी, तू, ह्या, त्या... पण आपण? औषधालाही नाही!

म्हटलं, थांबा. शेवटच्या सामन्यात ताई आणि महाराणीची जोडी लावा! त्या प्रकारात दोघींत बॉल एकच असतो, एक फटका हिचा, पुढचा तिचा. आता कशा म्हणत नाहीत 'आपला बॉल' तेच बघते! सर म्हणाले, "पोरी, फिसकटलं तर ही तुझी पहिली आणि शेवटची स्पर्धा." शेवटची तर ताईचीही होती, गुडघ्यानं हात टेकले होते तिच्या. कपाटभर करंडक, सगळे एकटीचे. संघाबरोबर एकदा तरी कप उचलायचा, एवढंच राहिलं होतं तिचं.

आणि जमलं की हो! भांडत, फुरंगटत, पण शेवटच्या होलपर्यंत बरोबरी. हे होल जिंकलं की कप आपला... बघा, मी म्हणते 'आपला', त्या नाही म्हणत! ताईनं पहिला फटका मारला आणि तुम्हाला सांगते, भर दुपारी धुकं उतरलं. साधंसुधं नाही, स्वतःचा हात शोधावा लागेल असं. बॉल सापडला. आता पाळी महाराणीची. पण स्टिक कुठली घ्यायची ह्यावरून जुंपली. ताई म्हणे, "लांबची घे." ती म्हणे, "मला शिकवू नकोस." झालं, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, मध्ये बिचारा बॉल, आणि मी पंचांजवळ उभी...

टक्.

इतका स्वच्छ आवाज! धुक्यातून बॉल गेला आणि झेंड्यापासून हातभर अंतरावर थांबला. दोघी वळल्या. ताई म्हणाली, "काय मारलास गं!" महाराणी म्हणाली, "मी? मला वाटलं तू..." जन्मात पहिल्यांदा ह्यांनी एकमेकींचं कौतुक केलं, आणि तेही भलत्याच फटक्याचं! दोघींच्या स्टिका बॅगेत. मग बॉल मारला कोणी?

पंच खाली वाकले. जमिनीतून गवताचा ताजा तुकडा उडालेला. ओल्या गवतात पावलं... आमची नव्हेत, अनवाणी. धुक्यातून बॉलपर्यंत आलेली. परत गेलेली नव्हती.

पंचांनी विचारलं, "मारला कोणी?" महाराणीनं नुसतं 'मी' म्हणायचं होतं हो! लोकांचे फटके स्वतःच्या नावावर सांगणारी बाई, आणि तेव्हा तिची दातखीळ बसली! पंच म्हणाले, "मग बॉल जुन्या जागी ठेवा, पुन्हा मारा." महाराणी उभी राहिली, स्टिक उचलली, आणि दबक्या आवाजात म्हणते, "आधी हिला जरा बाजूला व्हायला सांगा."

कोणाला? समोर कोणीच नव्हतं!

मारला तिनं. थेट तळ्यात. ताईनं त्या पाण्याकडे बघत हातमोजा काढला. संपलं.

संध्याकाळी खोलीत सगळ्या भिंतीला टेकून बसलेल्या. सर म्हणाले, "हरलात तुम्ही." ताई म्हणाली, "मी माझा फटका नीट मारला होता." महाराणी म्हणाली, "मला दोष देऊ नका." आणि मग, अगदी हळू, जिथं कोणीच बसलं नव्हतं त्या कोपऱ्यातून, "आपण हरलो."

आपण! दिव्याशप्पथ, आपण! ताईनं माझा हात असा धरला की अजून वळ आहे. मी सगळ्यांची तोंडं बघितली, एकीचेही ओठ हललेले नव्हते. सर दिवा न घालवताच बाहेर पडले.

म्हटलं, आता तरी सुधारतील! आता तरी कळेल, संघात काय कमी होतं ते! दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, पुढच्या वर्षी कोणाला कोणाबरोबर खेळायचंय? ताईसुद्धा म्हणाली, गुडघ्याचं बघू, खेळते अजून एक वर्ष... आणि सगळ्यांनी, तुम्हाला सांगते, एकजात सगळ्यांनी त्या धुक्यातल्या अनवाणी तिसरीचीच जोडी मागितली.

एकमेकींबरोबर खेळायला अजूनही कोणी तयार नाही!