खांदा वर, सुई पायात

सव्वासात! बरोब्बर सकाळी सव्वासात वाजता, बायांनो, तुम्हाला सांगते, आमच्या कालिंदीला पाळण्यातून उचलायला वाकले आणि उजव्या खांद्यात अशी काही कळ आली, की आठ महिन्यांची पोर हातातून सुटलीच असती... डाव्या हातानं सावरली म्हणून! तेव्हापासून तो हात वर म्हणून जाईना. वेणीचं जाऊ द्या हो, पण पोर? ती दोन्ही हात पुढे करून "आं, आं" करायची आणि मी आपली भिंतीला टेकून डोळे पुसायची. दोन महिने! शेवटी सासूबाईंच्याच कुशीत झोपायला लागली, माझ्याकडे बघेसुद्धा ना. कोणत्या आईला सोसेल?

बिब्बा झाला, शेक झाला, निर्गुडी झाली. मग सासूबाई म्हणाल्या, "डाग द्या! उलथनं लाल करून एक चटका, की कळ पळाली!" अगं बाई! पण मी घाबरले नाही हं. फक्त माळ्यावर जाऊन बसले.

तेवढ्यात मासळी घेऊन आली वरळीची पुतळाबाई. खालून ओरडते, "अगो बाय, उतर खाली! माज्या गुडघ्यात माजगावच्या चिनी बाबानं सुया टोचल्या, आता टोपली घेऊन ठाकूरद्वारपतूर चालत येतंय!" यांना विचारलं, तर हे वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणतात, "सुया? माणसाला? तू काय गोधडी आहेस?" म्हटलं, सात इयत्ता शिकलेय मी; खांदा माझा, पोर माझी, मी जाणार!

आणि गेले! सोबत सासूबाई, पोर त्यांच्या कडेवर. गोदीमागच्या खोलीत म्हातारा बाबा. केसासारख्या बारीक सुया, उकळून फडक्यावर मांडलेल्या. तो हात धुवायला वळला, एवढ्यात सासूबाईंनी काय करावं? आमच्याकडे हत्यार दिसलं की आधी पूजा, दसऱ्याला अडकित्तासुद्धा सुटत नाही! काढला करंडा आणि एकेका सुईला हळद-कुंकू! बाबा वळला, लाल सुया बघून किंचाळला, "खून! किसको लगा?" मग बिचारा पुन्हा सगळ्या उकळत बसला. तोवर माझ्या हातापायांना घाम... पण मी घाबरले नाही हं. नुसती देवांची नावं घेतली. सगळ्यांची. मोठ्यानं.

आणि सुई टोचली कुठे? पायात! नडगीच्या बाजूला! सासूबाई कडाडल्या, "अहो, खांदा वर असतो!" बाबा शांतपणे म्हणतो, "माई, रस्ता नीचेसे जाता है. बाई, सांस छोडो, हाथ उठाओ." आधी मुंगी चावल्यासारखं, मग जड जड, मग गरम गरम... आणि हात? कानापर्यंत! चौथ्या खेपेला पोर उचलली, बायांनो. मी! ह्या उजव्या हातानं! आधी ती रडली, मग तिनं माझी नथ ओढली, मग खांद्यावर मान टाकून झोपली. सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि म्हणतात काय, "बघ, कुंकू लावलं म्हणून गुण आला!"

असू दे बापडं.

बाबानं बजावलं होतं, "दर्द दबेगा, जडसे नहीं जाएगा. बोझ उठाओगी तो फिर आना." पण ते पोरीला कोण सांगणार? दोन महिन्यांचं वसूल करतेय ती! कालपासून खांदा पुन्हा कुरकुरतोय, तेव्हा शुक्रवारी निघालेय माझगावला. कुणाचा खांदा, कुणाचा गुडघा, कुणाची कंबर धरली असेल, तिच्यापर्यंत एवढं पोचवा, वाडीवाडीत सांगा. म्हणावं, ठाकूरद्वारच्या नाक्यावर या, मी ओळखू येईन... पोर खांद्यावर असेल. उतरतेय कुठली!