मनोऱ्याखालचा बाक

आई : ...आणि बसमधून उतरल्यावर डावीकडच्या फाटकाने बाहेर पडायचं नाही. तिथे सगळ्या गाड्या एकदम मागे येतात. उजवीकडचं छोटं फाटक. बाहेर फुलवाल्या बाईंचं दुकान आहे, त्याला पाठ लावून उभं राहायचं. दोघी जमल्याशिवाय कुणी हलायचं नाही.

धाकटी : आई, आम्ही एकाच सीटवरून उतरणार. जमायचं कुठून?

आई : तू हसू नकोस. एकाच दारातून वीस पोरं उतरतात आणि खाली अठराच दिसतात. चोवीस वर्षं शाळेच्या बसमध्ये काढली आहेत मी.

थोरली : मी लिहिलं. उजवं फाटक, फुलवाली. पुढे?

धाकटी : झालं, ही दुसरी. ताई, औषधांच्या दुकानात बसून बसून तू सहलीच्या कागदावरपण जेवणाआधी-जेवणानंतर लिहायला लागलीस.

थोरली : लिहिलंच आहे. तुझ्या उलटीच्या गोळीसमोर. निघण्याआधी अर्धा तास, दोन घोट पाण्याबरोबर.

धाकटी : मला आता उलटी होत नाही. मी कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे.

आई : उलटीला वर्ष कळत नाही. आणि खिडकीची जागा तुझी. पुढच्या चाकावरची नको, तिथे हादरे बसतात.

धाकटी : बरं. म्हणजे दोन दिवसांची सहल, आणि आत्तापर्यंत कागदावर काय आलं? फाटक, गोळी, चाक. मजा कुठे लिहिणार आहोत? समासात?

थोरली : मजा दुसऱ्या पानावर आहे.

धाकटी : दाखव. "मजा", खाली रेघ, आणि मग कोरं. अगं, नमनालाच घडाभर तेल घातलंत तुम्ही दोघींनी. आण इकडे ते पेन. आई, तू सांग. तू त्या शहरात किती वेळा गेलीस?

आई : दर वर्षी एकदा. चोवीस वेळा धर. नाही, तेवीस. एका वर्षी गोवर आला होता, सहल रद्द झाली.

धाकटी : तेवीस वेळा. मग तर तू घरचीच झालीस. सांग, काय काय बघण्यासारखं आहे?

आई : संग्रहालय आहे. त्याच्या मागच्या बाजूचे संडास स्वच्छ असतात, पुढचे नाही.

धाकटी : मी बघण्यासारखं विचारलं.

आई : अगं, बघच जाऊन. पांढऱ्याशुभ्र फरश्या. मग नदीकाठची बाग आहे. तिथला तिसरा नळ पाणी देतो, बाकीचे नुसते फुरफुरतात. पुलापाशी छान सावली असते, कुणाचं नाक फुटलं तर तिथे निजवता येतं.

थोरली : नाक फुटलं तर पूल. लिहू का?

धाकटी : लिहिलंस तर पेन खिडकीतून जाईल. आई, त्या संग्रहालयात आत काय ठेवलंय?

आई : आत ना... मोठी मोठी कपाटं आहेत काचेची.

धाकटी : आणि कपाटांत?

आई : आता कपाटांत काय... मी पोरांच्या मानांकडे बघणार की कपाटांत? एकदा त्या मोठ्या हाडांच्या जनावराच्या पोटात एक जण शिरून बसला होता. ते जनावर तेवढं नीट पाहिलंय मी. बरगड्या मोजल्या त्याला काढताना.

थोरली : किती होत्या?

आई : एका बाजूला सतरा.

धाकटी : तेवीस वेळा जाऊन हिने सतरा बरगड्या बघितल्या. बरं, तो घड्याळाचा मनोरा? सगळे म्हणतात वरून नदी दिसते, दोन्हीकडचे पूल दिसतात, पार डोंगरापर्यंत दिसतं.

आई : हो, फार छान दिसतं म्हणतात.

थोरली : म्हणतात?

आई : पोरं सांगायची ना खाली आल्यावर. सगळी एकदम बोलायची, कानठळ्या बसायच्या.

थोरली : तू कधी वर गेलीच नाहीस?

आई : कुणीतरी खाली नको का? कुणाला उंचीची भीती, कुणाचं पोट दुखतंय, कुणाची चप्पल तुटलेली. आणि बेचाळीस दप्तरं. दाराशी एक बाक आहे, तिथे मी बसायची. तिकिटाच्या खिडकीतल्या बाई फार चांगल्या आहेत. आमची बस दिसली की बाकावर गादीचा तुकडा झटकून ठेवतात. "मावशी, तुमची खुर्ची तयार आहे," म्हणतात.

धाकटी : तेवीस वेळा?

आई : शेवटची दोन वर्षं तर चहासुद्धा देत होत्या. कालच बोलणं झालं ना त्यांच्याशी, तिकिटं सांगून ठेवली. शनिवारी चारची. तासाला थोडीच माणसं सोडतात, आधी सांगितलेलं बरं.

धाकटी : वा, म्हणजे तू न सांगता एक काम मजेचं करून टाकलंस. लिही ताई, मजा, क्रमांक एक, मनोरा, शनिवार चार वाजता, तीन तिकिटं.

आई : दोन.

धाकटी : दोन काय?

आई : तिकिटं.

थोरली : आई, आपण तीन आहोत.

आई : आं? हो की. थांब. तू, आणि ही. आणि... अगंबाई.

धाकटी : आई, तू स्वतःला मोजलंच नाहीस.

आई : सवय गं. यादीवर पोरांची नावं असतात, मावशीचं कुठे असतं? दोन बोटं प्रत्येकाच्या डोक्यावर टेकवत मागून पुढे यायचं. आपल्याच डोक्यावर कोण बोटं टेकवतं?

धाकटी : आणि पाण्याच्या बाटल्या? मघाशी तू धुऊन पालथ्या घातल्यास त्या किती आहेत?

आई : ओल्या आहेत अजून त्या.

धाकटी : दोन आहेत. मला इथून दिसतायत. ताई, ती "दोघी जमल्याशिवाय हलायचं नाही" म्हणाली तेव्हाच कळायला हवं होतं. आई, तू येणार आहेस ना नक्की?

आई : येणार म्हणजे, येणारच. नाही तर तुमच्याकडे बघणार कोण? मनोऱ्याचं एवढं काय घेऊन बसलीस? तुम्ही दोघी वर जा. मी आपली पिशव्या घेऊन खाली बाकावर बसते. मला सवय आहे, तुमच्या डोक्याला ताप नको.

धाकटी : मला ताप होतो तू असं बोललीस की. मागच्या महिन्यात तुला निरोप दिला शाळेने, हारबीर घातला, आणि तू अजून बाकावरच बसलेली आहेस. मी नाही जाणार वर. मी पण खालीच बसेन. ताई जाईल एकटी.

थोरली : मी एकटी मनोऱ्यावर कशाला जाऊ?

आई : बघा, आता भांडा. म्हणून मी म्हणत होते, तुम्हा दोघींनाच जाऊ द्यावं. दोन बहिणी मजेत जाऊन या. मी घर बघते.

थोरली : आई. खरं सांग. तू आम्हाला का नेत नव्हतीस तिकडे? तुझ्याबरोबरच्या दुसऱ्या मावशी आपली पोरं न्यायच्या की सहलीला. मागच्या सीटवर बसवायच्या.

आई : जागा नसायची.

थोरली : मला एकदा नेलं होतंस.

धाकटी : तुला नेलं होतं? कधी? मला कुणी सांगितलंच नाही.

थोरली : तू पाळण्यात होतीस. मी सात वर्षांची. माझ्या शाळेला सुट्टी होती, घरी मला बघायला कुणी नव्हतं, म्हणून आईने बसमध्ये घातलं.

आई : तो विषय नको.

थोरली : एकवीस वर्षं तू हेच म्हणतेस आणि उठून ओट्याकडे जातेस. आज उठू नकोस. बस.

धाकटी : काय झालं होतं?

आई : काय व्हायचं? संग्रहालयातून निघताना मोजलं मी. बेचाळीस होती यादीवर, बेचाळीस भरली. दार लावलं, बस सुटली. पुलापलीकडे गेल्यावर एक मुलगी म्हणाली, "मावशी, तुमची मुलगी कुठे गेली?" हिचं नाव यादीवर नव्हतं. दुसऱ्या शाळेची ना ही. बेचाळीस परक्या पोरांची डोकी मोजली मी आणि पोटची पोर तिथेच विसरले. ऐकलंस? झालं समाधान?

धाकटी : आई...

आई : बस वळवून परत जायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात माझं काय झालं ते मला विचारू नका. त्यानंतर ठरवून टाकलं, माझ्या मुली त्या बसमध्ये पाऊल ठेवणार नाहीत. दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात, मी तर ताक पिणंच सोडलं. आणि ही बघ, तेव्हापासून ही अशी झाली. सतरा याद्या, गोळ्या, फाटकं. लहानपणी कशी हुंदडायची. मीच घाबरवून ठेवली तिला.

थोरली : तुला असं वाटतं?

आई : वाटायचं काय त्यात, डोळ्यांसमोर आहे.

थोरली : अगं, मला तू विचारलंसच नाही कधी, तो पाऊण तास मी काय केलं ते.

आई : रडत होतीस. मी आले तेव्हा रडून लाल झाली होतीस.

थोरली : तू आलीस तेव्हा रडले. त्याआधी नाही. दाराशी छत्र्या नि पिशव्या ठेवून घेणाऱ्या एक जाड्या बाई होत्या, त्यांनी मला उंच स्टुलावर बसवलं. म्हणाल्या, "आई येईपर्यंत नोकरी करतेस का?" लोक पिशवी द्यायचे, त्या पिशवीला मी दोरा बांधायची आणि लोकांना पितळेचा बिल्ला द्यायची. लोक मला "आभारी आहे" म्हणायचे. सात वर्षांच्या मुलीला. त्यांनी मला त्यांच्या डब्यातलं अर्धं उकडलेलं अंडं दिलं. आई, माझ्या लहानपणीचा सगळ्यात भारी दिवस होता तो.

धाकटी : हिच्या आयुष्यातली पहिली नोकरी. आणि तेव्हापासून काउंटर सुटलेला नाही.

थोरली : हो ना. आजही औषधाची पुडी कुणाच्या हातात देताना मला तेच वाटतं.

आई : मग रडलीस कशाला?

थोरली : तुला बघून. तू दारातून आत आलीस तो तुझा चेहरा... मला वाटलं, कुणीतरी गेलं. मी हरवले म्हणून नाही घाबरले. तुझ्या चेहऱ्याला घाबरले. मी याद्या करते ना, त्या म्हणूनच. मी कुठे आहे, केव्हा येणार, काय बरोबर आहे, सगळं तुला आधीच लिहून द्यायचं. तो चेहरा मला परत बघायचा नव्हता.

आई : एकवीस वर्षं बोलली नाहीस.

थोरली : तू बोलू दिलंस का? हे बघ. पर्समध्ये असतो माझ्या. बिल्ला. सतरा नंबर. तू मला एवढ्या जोरात ओढत नेलंस की तो हातातच राहिला. कुणाची तरी पिशवी अजून अडकली असेल बिचाऱ्याची.

धाकटी : बरगड्या सतरा, याद्या सतरा, बिल्लापण सतरा. आई, तू हसतेयस की रडतेयस?

आई : गप्प बस. दोन्ही चाललंय. तो फडका दे इकडे. आणि एवढं मोठं ओझं मी वाहत बसले, आणि ही बया तिथे अंडं खात होती.

थोरली : अर्धं.

धाकटी : ताई, लिही. मजा, क्रमांक दोन. बिल्ला परत करणे.

थोरली : परत नाही करणार. दाखवणार फक्त. त्या बाई आता नसतील तिथे, पण ते स्टूल असेल तर आईला त्याच्यावर बसवणार आहे.

आई : मी नाही बसणार स्टुलाबिलावर. पडले म्हणजे?

थोरली : मी धरीन. कागदावर लिहिते हवं तर, "स्टूल, धरणे."

धाकटी : आणि आई, एक नियम माझा. मोजायचं मी. तू नाही. दर दोन तासांनी मी दोन बोटं टेकवणार, तुझ्या डोक्यापासून सुरुवात.

आई : केस विस्कटायचे नाहीत. आणि मागून पुढे मोजायचं, पुढून मागे मोजलं की चुकतं.

धाकटी : बघ, आलीस ना परत मावशी होऊन. तिसरी बाटली काढ.

आई : वरच्या फळीवर आहे, निळ्या झाकणाची. तूच काढ, माझा हात पोचत नाही. आणि फोन दे माझा. त्या बाई पाचपर्यंत असतात खिडकीत.

थोरली : मी बोलू का?

आई : तू कशाला? त्या मला ओळखतात. चहा घ्या तोवर, साय धरली त्याच्यावर.

आई (फोनवर) : हॅलो, मी बोलतेय, शाळेच्या बसवरची... हो, मीच मावशी. बरी आहे. तुमचे गुडघे?... अहो, शनिवारची चारची दोन तिकिटं सांगितली होती ना, ती तीन करायची होती... चारची भरली? मग पाचची?... चालेल, तीन असतील तर पाच चालेल. हो, तीन. दोन मुली आणि मी... नाही, शाळा नाही बरोबर, दप्तरंबिप्तरं काही नाहीत. माझ्या मुली आहेत, घरच्या... काय म्हणालात? अहो नाही, गादी नका झटकून ठेवू. त्या बाकावर दुसऱ्या कुणाला बसू द्या शनिवारी. मी वर जाणार आहे.