शिमग्याचा व्हिडिओ कॉल

अरे, मागच्या शिमग्याला माझं डोकंच फिरलं होतं. दादा जाऊन महिना झाला नव्हता, मी इकडे परदेशात, रोल्लाला, गावी आई एकटी. गावच्या ग्रुपवर बातमी आली, यंदा घरोघरी फिरणारी देवाची पालखी आमच्या घरी येणार नाही. मी लगेच गावकार तात्यांना फोन लावला.

‘दादाबरोबर आमचं घर पण मेलं काय?’

‘दुःखाच्या घरी पालखी नेत नाहीत रे बाबू. व्हिडिओवर बघ तरी.’

पालखीच्या दिवशी तात्यांनी व्हिडिओ कॉल लावून फोन धरला. ढोल जोरात वाजत होते, आणि एकदम सगळं शांत.

मी ओरडलो, ‘तात्या, नेट गेलं काय? हॅलो!’

तात्या हळूच म्हणाले, ‘नेट आहे. तुझं घर आलंय, म्हणून ढोल थांबवलेत.’